व्होल्टेज आणि करंट मोजला; आता रोध आणि पॉवर कुठल्या सूत्राने काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वस्तू घेतल्या, प्रत्येकीचं चालू असतानाचं व्होल्टेज आणि करंट मोजला आणि भागाकार करून रोध (रेझिस्टन्स) काढला. मग वस्तू सप्लायपासून पूर्ण सोडवून, थंड झाल्यावर, मल्टिमीटरने थेट रोध मोजला. पाणी तापवायच्या हीटरचे दोन्ही आकडे जुळले: भागाकाराने २६.७ ओहम, मीटरवर २६.३. फिलॅमेंटच्या १०० वॅट बल्बला मात्र भागाकाराने ५२१ ओहम आले आणि मीटरवर ३८. २४ व्होल्टच्या डीसी मोटरला भागाकाराने ८ ओहम, मीटरवर ०.८. मग सूत्र चुकतंय की मीटर? आणि पॉवरची तीन सूत्रं सांगतात, त्यातलं कुठलं धरायचं?

मीटर ठीक आहे आणि सूत्रही ठीक आहे. भागाकार तिन्ही ठिकाणी तोच केलात, पण आलेल्या आकड्याचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. तो अर्थ लागला की पॉवरच्या तीन सूत्रांचा घोळही सुटतो, म्हणून एकेक वस्तू सावकाश घेऊ.

हीटरवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं छापलेलं आहे. तुमचं रीडिंग २२४ व्होल्ट आणि ८.४ अँपिअर. रोध = व्होल्टेज ÷ करंट = २२४ ÷ ८.४ = २६.७ ओहम. पॉवर = व्होल्टेज × करंट = २२४ × ८.४ = १८८२ वॅट. आता छापील आकड्यांवरून उलटा हिशोब करून पाहा. २३० व्होल्टला २००० वॅट म्हणजे रोध २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. हा रोध धरून २२४ व्होल्टला पॉवर यायला हवी २२४ × २२४ ÷ २६.४५ = १८९७ वॅट. तुमच्या १८८२ शी फरक एक टक्क्याहून कमी. साध्या मीटरकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

२००० वॅटचा हीटर १८८२ वॅटच घेतोय म्हणून कॉइल गेली असा निष्कर्ष मात्र काढू नका. छापलेले वॅट हे छापलेल्या व्होल्टेजलाच लागू असतात. व्होल्टेज २०० वर आलं तर हाच हीटर १५१२ वॅटच देईल. व्होल्टेज १३ टक्के घटलं की पॉवर २४ टक्के घटते, कारण व्होल्टेजबरोबर करंटही त्याच प्रमाणात कमी होतो आणि पॉवर हा दोघांचा गुणाकार आहे. कमी व्होल्टेजला पाणी तापायला फार वेळ लागतो, त्याचं कारण हेच.

हीटरचे दोन्ही रोध जुळले ते त्यातल्या नायक्रोमच्या तारेमुळे. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्रधातूचा रोध तापल्यावर काही टक्केच वाढतो. म्हणून थंड रोध आणि चालू असतानाचा रोध जवळपास एकच. पुस्तकातली उदाहरणं बहुतेक अशाच वस्तूंची असतात, आणि त्यामुळे सगळ्याच वस्तू अशा वागतात असा समज होतो.

इथे एक पडताळा सुचवतो, कारण तो मीटरशिवाय पॉवर सांगतो. १ किलो पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४१८६ जूल लागतात. २ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं तर २ × ४१८६ × ३० म्हणजे साधारण २ लाख ५१ हजार जूल. १ वॅट म्हणजे सेकंदाला १ जूल, तेव्हा १८८२ वॅटला हे काम १३३ सेकंदांत व्हायला हवं. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागेल, कारण भांडं तापतं आणि काही उष्णता हवेत जाते. पण घड्याळात २०० सेकंद झाले तर व्होल्टेज किंवा करंटचं रीडिंग बहुधा चुकलंय. थर्मामीटर पाण्यात घालण्यापूर्वी आणि पाणी ढवळण्यापूर्वी हीटरचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. जेम्स जूलने १८४० च्या सुमारास हेच केलं होतं: तारेतून करंट सोडून पाणी किती तापतं ते मोजलं आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखवलं. करंट × करंट × रोध हे सूत्र तिथून आलं.

आता बल्ब. २२४ व्होल्ट, ०.४३ अँपिअर, म्हणून रोध ५२१ ओहम आणि पॉवर ९६ वॅट. थंड फिलॅमेंटचा रोध ३८ ओहम. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दोन वेगवेगळ्या तापमानांचे. फिलॅमेंट टंगस्टनची असते आणि तिचा रोध तापमानाबरोबर भरपूर वाढतो. ५२१ ला ३८ ने भागलं तर १३.७ येतात. टंगस्टनचा रोध खोलीच्या तापमानाच्या १३.७ पट होतो तो सुमारे २६०० केल्व्हिनला, म्हणजे २३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे एक व्होल्टमीटर, एक अँमीटर आणि एक भागाकार एवढ्यावर तुम्ही काचेच्या आत, हात न लावता, पांढऱ्या झालेल्या तारेचं तापमान मोजलंत! मला हा प्रयोग फार आवडतो. तापमानावरून रोध काढायचं जे सरळ रेषेचं सूत्र असतं ते मात्र इथे वापरू नका. शे-दोनशे अंशांपर्यंत ते चालतं, इतक्या मोठ्या फरकाला ते शेकडो अंशांनी चुकतं. टंगस्टनसाठी तयार तक्ते असतात, ते पाहावेत.

थंड रोध धरून पॉवर काढली असती तर? २२४ × २२४ ÷ ३८ = १३२० वॅट. १०० वॅटच्या बल्बला हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण निरर्थक नाही. बटण दाबल्याच्या क्षणी फिलॅमेंट थंडच असते, तेव्हा करंट खरोखरच काही अँपिअरपर्यंत उसळतो आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात तार तापून तो ०.४३ वर येतो. जुने बल्ब बरेचदा बटण दाबतानाच जातात, कारण फिलॅमेंट जिथे झिजून बारीक झालेली असते तो भाग या उसळीत बाकीच्या तारेआधी तापतो.

म्हणून बल्बचा रोध किती, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. किती व्होल्टेजला, हे सोबत सांगावं लागतं. ओहमचा नियम असं म्हणतो की तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असेल तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. तापमान कायम असण्याची अट बल्बमध्ये पाळली जात नाही. भागाकार करायला कुणाची ना नाही. तो त्या क्षणाचा रोध देतो. पण त्यावरून दुसऱ्या व्होल्टेजचा करंट काढायला गेलात की फसलात. गेऑर्ग ओहमलाही स्थिर परिस्थितीसाठी बरीच खटपट करावी लागली होती. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज टिकत नसे, म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याचा थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडांमधल्या तापमानाच्या फरकावर व्होल्टेज देणारी जोडी) वापरला, एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून. त्या मोजमापांवर उभा राहिलेला त्याचा ग्रंथ १८२७ चा.

मोटरकडे जास्त लक्ष द्या, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. २४ व्होल्ट, ३ अँपिअर, भागाकार ८ ओहम. वायंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) मोजलं तर ०.८ ओहम. वायंडिंग तांब्याचं आहे, ते फार तर ५०-६० अंशांनी तापलं असेल, त्याने रोध २० ते २५ टक्के वाढेल. दहापट वाढणार नाही. मग उरलेले ७ ओहम कुठे आहेत? कुठेच नाहीत. मोटर फिरायला लागली की ती जनित्रासारखीही वागते आणि सप्लायच्या विरुद्ध दिशेचं व्होल्टेज तयार करते. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. ३ अँपिअर करंट ०.८ ओहममधून न्यायला २.४ व्होल्ट पुरतात. बाकीचे २१.६ व्होल्ट या बॅक ईएमएफला तोंड देण्यात जातात.

आता पॉवर पाहा. मोटर सप्लायकडून घेते २४ × ३ = ७२ वॅट. वायंडिंगमध्ये उष्णता होते करंट × करंट × रोध = ३ × ३ × ०.८ = ७.२ वॅट. उरलेले ६४.८ वॅट शाफ्ट फिरवण्यात लागतात, त्यातले थोडे घर्षणात आणि लोखंडाच्या गाभ्यात जातात. शाफ्ट अडकला तर बॅक ईएमएफ शून्य होतो, करंट २४ ÷ ०.८ = ३० अँपिअरवर जातो (सप्लाय तेवढा देऊ शकत असेल तर), आणि ७२० वॅट सगळेच्या सगळे वायंडिंगमध्ये उष्णता होऊन बसतात. अडकलेली मोटर मिनिटा-दोन मिनिटांत का जळते ते या एका गुणाकारात दिसतं.

याच उदाहरणावर पॉवरची तीन सूत्रं तपासू. भागाकाराने काढलेले ८ ओहम घेतले तर करंट × करंट × रोध = ३ × ३ × ८ = ७२. व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध = २४ × २४ ÷ ८ = ७२. व्होल्टेज × करंट = ७२. तिन्ही जुळली म्हणून समाधान मानू नका. हे जुळणारच होतं, कारण ८ हा आकडाच २४ आणि ३ वरून काढलाय. जे दोन आकडे मोजले त्यांतूनच तिसरा काढून परत त्याच दोघांशी पडताळला तर नवीन काहीच कळत नाही. मीटर २० टक्के चुकीचा असता तरी तिन्ही सूत्रं अशीच हसतमुखाने जुळली असती. विद्यार्थ्यांच्या वह्यांत हा पडताळा मला सतत दिसतो, आणि शिकवणाऱ्यांनी तो बरोबर म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रोध स्वतंत्रपणे मोजला असेल तरच त्याच्या सूत्रांना वजन येतं. मग प्रत्येक सूत्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. व्होल्टेज × करंट हे सांगतं की वस्तू एकूण किती पॉवर घेते, मग तिचं आत काहीही होवो: उष्णता, फिरणं, प्रकाश, बॅटरीत साठवण. करंट × करंट × रोध हे त्या रोधात होणारी उष्णता सांगतं, फक्त तेवढीच. व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध हेही उष्णताच सांगतं, पण त्यात घालायचं व्होल्टेज त्या रोधाच्याच दोन टोकांमधलं हवं. मोटरला चुकून २४ × २४ ÷ ०.८ केलंत तर ७२० येतील, आणि ते फिरत्या मोटरला लागू नाहीत. हीटरमध्ये घेतलेली सगळी पॉवर उष्णताच होते, म्हणून तिथे तिन्ही उत्तरं खऱ्या अर्थाने एक येतात. हाच न्याय एलईडीला. १२ व्होल्टवर ३ व्होल्टचा, २० मिलिअँपिअरचा एलईडी लावायचा तर सिरीज रोधासाठी १२ नाही, १२ वजा ३ म्हणजे ९ व्होल्ट धरायचे. ९ ÷ ०.०२ = ४५० ओहम, बाजारात मिळणारा जवळचा ४७०. त्यात उष्णता सुमारे ०.१७ वॅट, पाव वॅटचा रेझिस्टर कसाबसा चालेल, मी अर्ध्या वॅटचा लावतो.

या हिशोबाचा सगळ्यात मोलाचा उपयोग मला लूज कनेक्शन शोधताना होतो. समजा त्याच हीटरच्या सॉकेटमध्ये एक स्क्रू ढिला आहे. मल्टिमीटरने त्या जोडाचा रोध मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो आणि जोडाचा त्याहून कमी. पण ८.४ अँपिअर वाहत असताना जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे व्होल्टमीटर लावला आणि १.२ व्होल्ट दिसले, तर रोध १.२ ÷ ८.४ = ०.१४ ओहम, आणि तिथे होणारी उष्णता १.२ × ८.४ = १० वॅट. पाण्यातल्या कॉइलच्या १८८२ वॅटपुढे १० वॅट काहीच नाहीत. पण ते बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत अडकलेले आहेत. प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग वास येतो, मग काळं होतं. तापल्याने तांबं ऑक्सिडाइज होतं, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मात्र ट्रिप होत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय. चांगल्या जोडावर हा ड्रॉप, म्हणजे दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक, काही मिलिव्होल्टच असतो. हे मोजमाप चालू सप्लायवरचं आहे, ते सवय असलेल्या इलेक्ट्रिशियननेच करावं. घरच्या घरी प्लग काढून सॉकेट गरम लागतंय का एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

वायरलाही हेच लागू. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर २० मीटर जाऊन परत आली तर ४० मीटरचा रोध साधारण ०.२८ ओहम होतो. ८.४ अँपिअरला २.३ व्होल्ट ड्रॉप आणि १९ वॅट उष्णता. जोडाच्या दुप्पट, पण ४० मीटरवर पसरलेली, म्हणून हाताला जाणवतही नाही. म्हणूनच हीटरचं व्होल्टेज बोर्डावर नाही, हीटरच्या टोकांवर मोजायचं.

मोजताना व्होल्टमीटर नेमका कुठे लावला यानेही उत्तर बदलतं. रोध लहान असेल तर व्होल्टमीटर थेट वस्तूच्या टोकांवर, अँमीटरच्या पुढे. नाहीतर अँमीटर आणि त्याच्या वायरींचा ०.१ ओहम तुमच्या १ ओहममध्ये मिसळतो आणि १० टक्के चूक होते. रोध खूप मोठा असेल तर उलटं. १० लाख ओहमच्या रेझिस्टरवर थेट व्होल्टमीटर लावला तर डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असल्याने करंटचा अकरावा हिस्सा मीटरमधूनच जातो आणि अँमीटर तोही मोजतो. तिथे व्होल्टमीटर रेझिस्टर आणि अँमीटर या दोघांवर मिळून लावायचा. दोन्ही पद्धतींची चूक सारखी होते ती साधारण १००० ओहमच्या आसपास, आणि तिथे ती इतकी बारीक असते की कसंही लावा.

एसी मोटर मोजणार असाल तर आणखी एक गोष्ट. २२४ व्होल्ट आणि २.६ अँपिअर यांचा गुणाकार ५८२ येतो, पण ते वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर आहेत. वायंडिंगच्या इंडक्टन्समुळे (करंटच्या बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे) करंट व्होल्टेजच्या मागे राहतो आणि काही ऊर्जा दर सायकलला सप्लायकडे परत जाते. वॅटमीटरने ४३० वॅट दाखवले तर पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, ४३० ÷ ५८२ = ०.७४. व्होल्टमीटर आणि अँमीटर एवढ्यावर हा आकडा काढता येत नाही. वॅटमीटर हवा, किंवा पॉवर दाखवणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर). आणि इथे २२४ ÷ २.६ = ८६ हा इम्पिडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध) झाला, रोध नाही. डिमर, चार्जर, एलईडी ड्रायव्हर अशा वस्तूंचा करंट साइन वेव्हसारखा नसतो. तिथे मीटरवर ट्रू आरएमएस (वेव्हचा आकार कसाही असला तरी खरं परिणामी मूल्य दाखवणारा) लिहिलेलं आहे का ते पाहा, नाहीतर करंट बराच कमी दिसतो.

हीटरचा रोध भागाकारात आला तसा २६.६६६७ लिहू नका, २६.७ लिहा. व्होल्टेजमध्ये १ टक्का आणि करंटमध्ये २ टक्के चूक शक्य असेल तर रोधात ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे पाऊण ओहम इकडे-तिकडे. दशांशानंतरचे चार आकडे तिथे काही सांगत नाहीत. आणि मिलिअँपिअरमध्ये गफलत होऊ देऊ नका: १२ व्होल्टला ४० मिलिअँपिअरने थेट भागलं तर ०.३ येतं, ते किलोओहम, म्हणजे ३०० ओहम.

पुढची रीडिंग घेताना करंटसाठी शक्यतो क्लॅम्प मीटर वापरा आणि तो एकाच वायरीभोवती लावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर शून्यच दिसेल. मल्टिमीटरनेच करंट मोजायचा असेल तर मोजून झाल्याबरोबर लाल वायर अँपिअरच्या सॉकेटमधून काढून व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला. ती तशीच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला तुम्ही सप्लायवर टेकवली तर तो सरळ शॉर्ट आहे, आणि मीटरमधला फ्यूज योग्य रेटिंगचा नसेल तर मीटर हातातच फुटू शकतो.